आजोबांच्या दप्तरातले मोडी कागद: फोटो काढलेत पण वाचता येत नाहीत, इमेज प्रोसेसिंगने काही होईल का?

दप्तरदार_धाकटा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय आणि लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव वाईजवळ. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना पत्र्याची ट्रंक निघाली, आत लाल रुमालात बांधलेलं दप्तर, सत्तरेक कागद, सगळे मोडीत, बरेचसे पाठपोट लिहिलेले. आजोबा दर लक्ष्मीपूजनाला हे दप्तर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचे, फुलावरचं पाणी पडायचं, त्यामुळे वरच्या कागदांची काय अवस्था असेल ते सांगायला नको. घडीच्या जागी काळपट पट्टे पडलेत, कागद चहासारखा झालाय, आणि मागची शाई पुढून दिसते.

मी काय केलं, एका रात्रीत ट्यूबलाइटखाली मोबाईलवर १४० फोटो काढले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या एका मोडी वाचणाऱ्या काकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "बाळा हे फोटो आहेत का गोधडी?" मग एका स्कॅनर अ‍ॅपमधलं ते काळं-पांढरं करायचं बटण दाबलं तर अर्धं पान एकदम झकास, आणि जिथे माझ्याच डोक्याची सावली पडली होती तिथे सगळं डांबर. घडीजवळची अक्षरं तर दिसेनाशीच झाली.

प्रश्न असा की हे अ‍ॅप आतमध्ये नेमकं करतं काय? ते कळलं तर मी स्वतः नीट करू शकेन का? पायथॉन जेमतेम येतं, कामावर एक्सेलच्या फायली जोडण्यापुरतं. भाचा म्हणतो मामा एआयला दे, दोन सेकंदात क्लिअर करून देईल. मला का कोण जाणे भीती वाटते. जाणकारांनी प्रकाश टाकावा (ट्यूबलाइटचा नको).

ओसरीवरून

आधी फोटो परत काढा हो. बाकी सगळं नंतर. सकाळी नऊ-दहाला ओसरीवर, ऊन थेट न पडता भरपूर उजेड असतो तिथे कागद पाटावर ठेवायचा, मोबाईल पुस्तकांच्या दोन चळतींवर फळी टाकून तिच्या कडेला आडवा ठेवायचा म्हणजे हात हलत नाही, आणि टायमर लावून मागे सरकायचं म्हणजे तुमचं डोकं कागदावर येत नाही. फ्लॅश बंद. जे फोटोत आलंच नाही ते कुठल्याही प्रोग्रॅममधून येणार नाही.

आणि एक, पाठपोट कागदाखाली काळा कार्डशीट ठेवा. पांढरं काही ठेवलं तर उजेड कागदातून आरपार जाऊन खालून परत येतो आणि मागची अक्षरं उजळून दाखवतो. काळं ठेवलं की तो उजेड खालीच गिळला जातो. वीस रुपयांत निम्मं काम.

खडू_फळा

वरच्यांशी हजार टक्के सहमत, आता आतलं सांगतो. मी इंजिनीयरिंगच्या पोरांना हाच विषय शिकवतो, त्यामुळे लेक्चर झालं तर मध्येच हात वर करा.

फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने आकड्यांचा तक्ता, बस. गणिताच्या वहीसारखे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक आकडा. या चौकोनालाच पिक्सेल म्हणतात. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५, मधल्या सगळ्या राखाडी छटा त्याच्या मध्ये. रंगीत फोटोत प्रत्येक चौकोनाला तीन आकडे, लाल हिरवा निळा. म्हणजे दोन निर्णय आधीच झालेले असतात, चौकोन किती बारीक पाडायचे आणि प्रत्येकात किती छटा मोजायच्या. इमेज प्रोसेसिंग म्हणून जे काय चालतं ते यानंतरचं, या आकड्यांवरचं गणित.

पहिला निर्णय तुमच्या कागदाला लावून बघा. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर मिलिमीटरला साधारण १२ येतात, बोरूची बारीक रेघ अर्ध्या मिलिमीटरची असेल तर तिच्या वाट्याला ६ पिक्सेल. वाचायला पुरे. ए-फोर कागद पूर्ण घेतला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास, आजकालचा कुठलाही फोन देतो. पण तेच तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की तो लहान करून पाठवतो, ६ चे ३ किंवा २ पिक्सेल राहिले की बोरूचा सगळा बाक गेला. वर परत जेपेग, म्हणजे फोटोची फाईल लहान करून साठवायची पद्धत, दाबतो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक चढउतार फेकून देतो. त्यामागचं गणित नासिर अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं, अहमद मूळचे बंगळूरचे, अवांतर म्हणून सांगितलं. चेहऱ्यांना आभाळाला हे चालतं, डोळ्याला कळत नाही. अक्षराच्या कडेला मात्र नेमका तोच बारीक चढउतार असतो, म्हणून अक्षराभोवती डास घोंगावल्यासारखी घाण दिसते. काकांची गोधडी ती हीच. तर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता त्या बटणाबद्दल. त्याला थ्रेशोल्डिंग म्हणतात. एक आकडा ठरवायचा, समजा १२०. त्याच्या खालचं सगळं शाई, वरचं सगळं कागद. हा १२० ठरवायचा कोणी? पानातल्या सगळ्या पिक्सेलांची छटेनुसार मोजणी करून आलेख काढला, त्याला हिस्टोग्रॅम म्हणतात, तर चांगल्या पानाचे दोन ढीग दिसतात, डावीकडे शाईचा छोटा ढीग, उजवीकडे कागदाचा मोठा. नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकाने १९७९ मध्ये पद्धत दिली की दोन्ही ढीग एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील असा आकडा मशीननेच शोधावा. इतकी साधी की वर्गात अर्ध्या तासात पोरं स्वतः लिहितात आणि अजून जगभर वापरतात.

पण ओत्सुची गाडी सावलीत अडते. तुमच्या डोक्याच्या सावलीतला कोरा कागद समजा ७० आहे आणि उजेडातली फिकट शाई ८०. म्हणजे कोरा कागद शाईपेक्षा काळा! आता कुठलाही एक आकडा घ्या, एकतर सावलीचं डांबर होणार नाहीतर फिकट अक्षर जाणार. म्हणून आकडा पानाला एक न ठेवता जागोजागी ठरवायचा, प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचा छोटा चौकोन घेऊन तिथल्या सरासरीवरून. याला अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणतात. त्यात सौवोला नावाची पद्धत जुन्या कागदांना चांगली लागते, ती सरासरीबरोबर तिथे छटांची उलथापालथ किती आहे तेही बघते, त्यामुळे कोऱ्या जागेत उगाच ठिपके उठत नाहीत. पायथॉनच्या सायकिट-इमेज नावाच्या लायब्ररीत तयार आहे, दोन ओळींचं काम. फक्त तो चौकोन अक्षरापेक्षा बराच मोठा ठेवा, नाहीतर जाड रेघ आतून पोकळ होते.

हळदकुंकवाचं तर आणखी सोपं आहे, पण ते आधी तुम्ही करून बघा म्हणजे मजा येईल. गिम्प नावाचा फोटोवर काम करायचा प्रोग्रॅम उतरवून घ्या, फुकट आहे. कलर्स मेनूत कंपोनंट्स, त्यात डीकंपोज, आणि तिन्ही रंगांची पानं वेगळी करून नुसतं लाल पान बघा. काय दिसतं ते इथे येऊन सांगा.

दप्तरदार_धाकटा

सर!!! कुंकू गेलं! म्हणजे खरंच गेलं, डाग होता तिथे कागद एकदम स्वच्छ आणि खाली अख्खी ओळ लिहिलेली. हळद पण गेली. निळ्या पानात बघितलं तर उलटं, डाग कोळशासारखे काळे. आईला दाखवलं तर ती म्हणे देवाचं कुंकू पुसलंस का. ओसरीवरून यांचं ऐकून फोटोही परत काढले, तिसऱ्या चळतीला ज्ञानेश्वरी आणि टेलिफोन डिरेक्टरी.

पण दोन घोळ झाले. एक म्हणजे दोन कागदांवर मथळ्याला लाल शाईत काहीतरी होतं ते पण कुंकवाबरोबर गेलं. दुसरं, घडीचे पट्टे तसेच आहेत, लालमध्ये पण आणि हिरव्यामध्ये पण.

खडू_फळा

शाबास. कारण सांगतो. कुंकू लाल दिसतं म्हणजे ते लाल उजेड परत पाठवतं आणि बाकीचा गिळतं. लालच्या पानात त्यामुळे कुंकूही उजळ आणि कागदही उजळ, दोघांत फरक उरत नाही. हळद फक्त निळा गिळते, म्हणून ती लाल आणि हिरव्या दोन्हीत जाते. काजळीची शाई मात्र सगळेच रंग गिळते, ती तिन्ही पानांत काळी. जुना कागद पिवळा-तपकिरी पडतो त्याचाही निळ्यालाच मार बसतो, म्हणून जुन्या दस्तऐवजाला लाल पान बहुतेक वेळा सरस.

आता लाल शाई गेली त्यात मशीनची चूक नाही, तुम्ही सांगितलंत लाल विसर, ते विसरलं. त्या दोन कागदांना हिरवं पान वापरा, कुंकू सहन करावं लागेल. मूळ रंगीत फोटो ठेवलाय ना? नसेल तर आत्ता उठून ठेवा.

घरच्या तज्ज्ञांसाठी बारकावा, जेपेग रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवतो, त्यामुळे एकट्या लाल पानात कडा थोड्या मऊ दिसतात. फोनमध्ये रॉ (न दाबता फोटो साठवणारा) किंवा प्रो मोड असेल तर तो वापरा.

घडीच्या पट्ट्याचं उत्तर माझ्याकडे आहे पण मला वाटतं ते इथल्या उपग्रहवाल्यांनी द्यावं, त्यांचा रोजचा त्रास आहे तो.

नागपुरी_संत्रं

बोलावलं म्हणून आलो :) नाहीतर मी फक्त वाचत होतो.

मी उपग्रहाच्या चित्रांवर काम करतो. सह्याद्रीचा कुठलाही सकाळचा फोटो घ्या, पूर्वेकडचा उतार लख्ख आणि पश्चिमेकडचा सावलीत. जंगल तेच, झाडं तीच, पण आकडे निम्मे. सरळ आकड्यावरून जंगल मोजायला गेलं तर अर्धा डोंगर बोडका निघेल. यावर आम्ही काय करतो तर भागाकार. उपग्रह प्रत्येक रंगाचा उजेड वेगळा मोजतो, त्याला आम्ही पट्टा म्हणतो. सावलीत एका पट्ट्यातला उजेड निम्मा झाला तर दुसऱ्या पट्ट्यातलाही साधारण निम्मा होतो, एकाला दुसऱ्याने भागलं की तो निम्मा वर-खाली कटतो आणि उरतं ते वस्तूचं स्वतःचं. पिकांच्या आरोग्याचा जो निर्देशांक पेपरात येतो, तो एनडीव्हीआय, त्यात पण हेच, इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. हिरवं पान इन्फ्रारेड भरपूर परतवतं आणि लाल गिळतं, म्हणून निरोगी पिकाचा आकडा वर जातो.

तुमच्या कागदाला दुसरा पट्टा नाही पण तो बनवता येतो. कॅमेऱ्यात आलेला आकडा म्हणजे उजेड गुणिले कागदाचा स्वतःचा काळेपणा. उजेड, सावली, घडीचा पट्टा हे सावकाश बदलतं, अक्षर पटकन बदलतं. म्हणून पानाची एक प्रत घ्यायची, ती इतकी पुसट करायची की अक्षरं पूर्ण विरघळून फक्त सावल्या उरतील, आणि मूळ पानाला या पुसट पानाने भागायचं. गिम्पमध्ये लेयरची प्रत काढा, तिला गॉशियन ब्लर जोरात द्या, आणि वरच्या लेयरचा मोड डिव्हाइड करा. सावली आणि रुंद पट्टे जातील. मग त्यावर खडूसरांची सौवोला किंवा नुसता ओत्सु पण चालेल. अगदी अरुंद काळी घडी मात्र राहील, कारण ती अक्षराइतकीच पटकन बदलते, आणि मशीनला ती रेघच वाटते. तिथे घाई करू नका, घडीत खरंच अक्षर असू शकतं.

पिक्सेलवरून आठवलं, आपला आयआरएस-१ए उपग्रह १९८८ मध्ये वर गेला, त्याच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेबहात्तर मीटरचा होता. म्हणजे एका आकड्यात ५२ गुंठे! त्यात अर्धं ज्वारीचं, अर्धी विहीर आणि बांधावरचं बाभूळ, सगळ्यांची सरासरी एक. तुमच्या रेघेला ६ पिक्सेल मिळतायत म्हणजे चैन आहे राव.

चहा_अर्धा

एवढा खटाटोप कशाला, एआय एनहान्सरला टाका, मी आजीचा फोटो टाकला होता, कसला भारी आला. भाचा बरोबर बोलतोय.

काळीपांढरी

@चहा_अर्धा दादा, आजीच्या फोटोत पापणीचा केस इकडचा तिकडे झाला तर चालतं, कागदात नाही ना चालत.

मी सीटी स्कॅनला टेक्निशियन आहे, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे प्रत्येक पिक्सेलला हाउन्सफील्डचा आकडा असतो, पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, हाड पार वर शेकड्यांत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड म्हणजे ज्यांनी सीटी स्कॅनर बनवला, १९७९ मध्ये कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आता एवढ्या दोनेक हजार पायऱ्या पडद्यावर एकदम दाखवल्या तर सगळंच राखाडी लापशी दिसेल. म्हणून डॉक्टर खिडकी लावतात. मेंदू बघायचा तर मध्य ४० आणि रुंदी ८०, म्हणजे ० ते ८० एवढाच तुकडा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणायचा, बाकी सगळं ठार काळं नाहीतर ठार पांढरं. तोच स्कॅन फुप्फुसासाठी बघायचा तर मध्य उणे ६०० आणि रुंदी १५००. पेशंट तोच, आकडे तेच, फक्त बघायची पट्टी सरकवली. नवीन पोरं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हे दाखवते, मेंदूच्या खिडकीत फुप्फुस म्हणजे काळी पोकळी दिसते आणि पट्टी सरकवली की शिरा न् शिरा उगवते, पोरं तोंड उघडं टाकून बघतात.

तुमच्या कामात याचा उपयोग असा, कॉन्ट्रास्ट ताणणं हे काळं-पांढरं करण्यापेक्षा सौम्य आहे. फिकट शाई ११० आणि कागद १५० असेल तर १०० ते १६० एवढाच तुकडा ताणून बघा. वाचणारा माणूस असेल तर त्याला राखाडी चित्रच द्या, दाब कुठे जास्त होता कुठे बोरू कोरडा पडला हे त्याला राखाडीत कळतं. काळं-पांढरं मशीनला आवडतं, माणसाला नाही. आमच्याकडे मूळ आकड्यांना कुणी हात लावत नाही, सगळे खेळ पडद्यावर.

बोरू_दौत

मी मोडी वाचतो, वीसेक वर्षं. (धागाकर्त्याचे पुण्याचे काका मी नव्हे! पण गोधडी शब्द आवडला.) तांत्रिक मंडळींनी छान सांगितलंय, मी वाचणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगतो.

मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात, देवनागरीसारखी शब्दाशब्दाला वेगळी शिरोरेघ नाही. दोन शब्दांत मोकळी जागाही बहुतेक नसते. त्यामुळे पान तिरकं आलं असेल तर सरळ करायला मशीनला ह्या रेघांचा उपयोग होतो असं माझ्या मुलाने करून दाखवलं. पान थोडं थोडं फिरवत जायचं आणि प्रत्येक आडव्या ओळीत किती काळं भरतंय ते मोजायचं, रेघा बरोबर आडव्या झाल्या की तेवढ्याच ओळी गच्च भरतात आणि मधल्या मोकळ्या होतात. माझ्यासारख्याला मान वाकडी करून वाचायची सवय आहे पण सरळ पान कोणाला नको.

आता काळजीचं. ठिपके साफ करणारं ते फिल्टर, मीडियन म्हणतात वाटतं, ते फार जपून. एकाने मला असंच साफसूफ केलेलं जमाखर्चाचं पान पाठवलं. बेरीज काही केल्या जुळेना. दोन संध्याकाळ घालवल्या, मला वाटलं लिहिणारा कारकूनच कच्चा. शेवटी मूळ फोटो मागवला तर आकड्यापुढच्या बारीक उभ्या रेघा होत्या तिथे, फिल्टरने खाल्लेल्या. जुन्या हिशेबात ६ पुढे एक दांडी म्हणजे सव्वासहा, दोन दांड्या म्हणजे साडेसहा, तीन म्हणजे पावणेसात. मशीनला ती घाण वाटली. अनुस्वाराचंही तेच. तर ठिपके पुसू नका, घाण राहिली तरी चालेल, मला घाण आणि अनुस्वार यातला फरक कळतो.

एआयवाल्या अ‍ॅपचं तर विचारू नका. एकदा बघितलं, पान इतकं सुंदर आलेलं की छापील वाटावं. फाटलेल्या कोपऱ्यात मूळ कागदावर काहीच नाही, तिथे अ‍ॅपने अक्षरासारखं काहीतरी काढून ठेवलेलं. मोडीतलं कुठलंच अक्षर नाही ते, नुसता वळसा. पुसट असतं तर मी पुसट म्हणून सोडलं असतं.

चहा_अर्धा

काका, चूक मान्य. आजीचा फोटो परत नीट बघितला, कानातली कुडी होती ती गायब आहे आणि झुमका आलाय.

खडू_फळा

हा हा, झुमका! पण गंमत बाजूला, हे एआयच्या आधीपासूनचं आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन माणसाच्या लक्षात आलं की घराचा नकाशा ऑफिसच्या मोठ्या मशीनमधून स्कॅन केला तर खोल्यांची क्षेत्रफळं बदलतायत. पुसट वगैरे काही नाही, एकदम स्वच्छ टंकलेला आकडा, फक्त चुकीचा. दुसऱ्या कागदांवर ६ चा ८ झालेला. कारण फाईल लहान करायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचं आणि बाकी ठिकाणी तोच शिक्का मारायचं. बारीक अक्षरात ६ आणि ८ त्याला सारखेच वाटले. त्या पद्धतीचं नाव जेबिग-२. म्हणून काळ्या-पांढऱ्या पीडीएफला फार दाबायला जाऊ नका, टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, त्यात काही फेकलं जात नाही.

बोरूकाकांच्या मीडियनबद्दल, ते फिल्टर काय करतं तर प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करून मधला उचलतं. ३ बाय ३ मध्ये नऊ जण, पाचवा निवडायचा. एखादाच पिक्सेल वेडावाकडा असेल तर तो रांगेच्या टोकाला जातो आणि निवडला जात नाही. एक पिक्सेल रुंदीची दांडी पण नऊमध्ये तीनच मतं मिळवते, म्हणून हरते. दांडीला ६ पिक्सेल मिळाले असते तर जिंकली असती, म्हणून परत तेच, फोटो मोठा काढा.

आणि कुणाला इतिहासाची आवड असेल तर, कॉम्प्युटरमध्ये स्कॅन करून घातलेला पहिला फोटो १९५७ चा, अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा घातला, १७६ बाय १७६ पिक्सेल. त्यांचं मशीन फक्त काळं किंवा पांढरं सांगू शकायचं. मग त्यांनी वेगवेगळे थ्रेशोल्ड लावून तोच फोटो अनेकदा स्कॅन केला आणि ते एकमेकांवर रचून राखाडी छटा मिळवल्या. म्हणजे त्यांना काळ्या-पांढऱ्यातून राखाडी हवं होतं आणि आपण अ‍ॅपचं बटण दाबून उलटं करतोय.

दप्तरदार_धाकटा

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत, शनिवार-रविवार त्यातच गेला, बायको म्हणते यापेक्षा ट्रंक उघडली नसती तर बरं होतं.

मी आता असं करतोय, सांगा चुकत असेल तर. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात नाही, एक प्रत पेनड्राइव्हवर. मग लाल पान, मग पुसट पानाने भागाकार, मग थोडा कॉन्ट्रास्ट ताणायचा, इथेच थांबायचं, राखाडीच ठेवायचं. ठिपके पुसत नाही. असे दहा कागद डॉक्युमेंट म्हणून काकांना पाठवले. त्यांनी रात्री साडेदहाला फोन केला, झोपायची वेळ असून! आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं की यात आमच्या जमिनीची सनद आहे. आतापर्यंत निघालं ते म्हणजे एका बैलाच्या खरेदीचा कागद, दोन उधारीच्या पावत्या, आणि कुणीतरी कुणालातरी लिहिलंय की कांदे पाठवा. बैलाची किंमत ६ पुढे दोन दांड्या असलेली आहे, बोरूकाका, म्हणून मी मूळ फोटोत जाऊन बघून आलो, दोनच आहेत.

राहिलेले प्रश्न दोन. पाठपोट कागदांत काळा कार्डशीट लावूनही काही ठिकाणी मागची शाई दिसतेच, त्याचं काय? आणि वाचायचं कामच मशीन करेल असं काही आहे का, काकांचं वय झालंय.

नागपुरी_संत्रं

मागच्या शाईचं करता येतं पण चिकाटी लागते. दोन्ही बाजूंचा फोटो घ्यायचा, मागचा आरशासारखा उलटवायचा, पुढच्यावर नेमका बसवायचा आणि मागचं अक्षर जिथे गडद आहे तिथे पुढचं तेवढं उजळ करायचं. यातला बसवण्याचा भाग अवघड, कागद चुरगळलेला असतो, पलटला की वेगळाच फुगतो, दोन मिलिमीटर सरकला तरी मागचं जात नाही आणि पुढचं मात्र पुसतं. आम्ही दोन तारखांची उपग्रहचित्रं एकमेकांवर बसवतो तेव्हा ओळखीच्या खुणा धरतो, रस्त्याची चौकट, धरणाचा कोपरा. तुम्ही कागदाचे चार कोपरे आणि कसरीची भोकं धरा! भोक दोन्ही बाजूंनी तेच असतं. एका कागदाला तास जाईल, म्हणून फक्त अडलेल्यांनाच करा.

आणि शाई खरीच झिरपून पुढे आली असेल, नुसती दिसत नसेल, तर ती पुढच्या शाईइतकीच खरी झाली, मग अवघड.

बोरू_दौत

मागचं दिसतं ते आम्ही मागचं पान बाजूला ठेवून वाचतो आणि मनातल्या मनात वजा करतो. जुनी पद्धत आहे :) दोन्ही बाजूंचे फोटो एकाच नावाने पाठवा, पुढे पुढचं आणि मागे मागचं एवढं नावात लिहिलंत तरी पुष्कळ.

मशीनने वाचायचं म्हणाल तर मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली, त्यामुळे वाचलेलं मोडीतच टाइप करून ठेवता येतं. पण कागदावरचं हस्ताक्षर वाचणं वेगळं. टेसरॅक्ट म्हणून चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम आहे, त्याचं मराठी पॅकेज देवनागरीचं आहे, त्याला मोडी दाखवली तर ते काहीतरी मंत्र म्हणतं, मुलाने करून बघितलंय. मोडीत हात न उचलता लिहितात, दोन अक्षरं एकमेकांत गुंततात, ऱ्हस्वदीर्घ नसतं, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. काकांचं वय झालं असेल तर तुम्हीच शिका की. देवनागरी येते ना, मुळाक्षरं महिनाभरात होतात, वळणं कळायला मात्र वेळ लागतो. तुमच्याकडे तर आता सत्तर कागद सरावाला आहेत आणि दहांची उत्तरंही.

दप्तरदार_धाकटा

शिकायचं मनात आलंय खरं. कसरीची भोकं हा तर भारीच उपाय, आत्तापर्यंत त्यांना शिव्याच देत होतो.

उरलेल्या साठ कागदांना एकच सेटिंग लावून रात्रभर चालवून ठेवू का? लूप लिहिता येतो मला.

खडू_फळा

लूप लावा, पण सगळ्यांना एकच नको. आधी तीन गठ्ठे करा, कुंकवाचे, लाल शाईचे, आणि पाणी पडलेले. पाणी पडलेल्यांत डागाची कडा तपकिरी आणि बारीक असते, भागाकारात ती अक्षरासारखी उठते, तिथे पुसट करायचा आकडा लहान घेऊन बघा. प्रत्येक फाईलच्या नावात कुठलं पान आणि कुठला आकडा वापरला ते टाका, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. आणि कांद्याच्या पत्राचं पुढे काय झालं ते कळलं तर लिहा, पाठवले का नाही.